साडेपाच तास मागे

डिस्क एक होती, भाग दोन. कॉम्प्युटर लावला की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची सिस्टिम धाकटीची, खालची दादाची. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही, तर वरची आपोआप सुरू व्हायची. दादाला जाऊन सात महिने झाले होते. खालच्या ओळीला हात लावायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं.

तरी घड्याळ चुकत होतं. धाकटी प्रयोगशाळेतून घरी येऊन कॉम्प्युटर लावायची, तर वेळ साडेपाच तास मागे. रोज नाही. पण चुकली की बरोबर साडेपाच तास, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. तिनं आतला सेल बदलला. चूक तशीच. सेल संपला की घड्याळ भरकटतं, असं मोजूनमापून चुकत नाही. दोन्ही सिस्टिम एकाच घड्याळात आपापल्या रीतीनं वेळ लिहितात, तिची भारतातली, दादाची ग्रिनिचची, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे मधे कुणीतरी दादाची सिस्टिम लावून बंद करत होतं.

शनिवारी तिच्या प्रबंधाचे आकडे डिस्कवर मावेनात.

"बाबा, दादाचा भाग पुसावा लागेल. सगळंच जाईल."

"मग पूस की. विचारतेस काय? कपडे दिले, सायकल दिली. हे डबडंच तेवढं कशाला उराशी धरायचं?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मी नसताना तुम्ही लावता का हो हा?"

"मी? अगं, मला टीव्हीचा रिमोट धड कळत नाही!"

पुसण्याआधी तिनं एकदाच खालची ओळ निवडली. पडदाभर दादाचा फोटो आला, कशाला तरी हसत असलेला. त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड दादानं फक्त तिला सांगितला होता. तो टाकून ती आत गेली. सिस्टिम कधी लावली, कधी बंद केली, याची नोंद सिस्टिम स्वतःच ठेवते. तिनं ती उघडली. आजची वेळ वगळली आणि दादा गेल्यानंतरच्या ओळी मोजल्या.

सिस्टिम लावली : एक्केचाळीस वेळा, सगळ्या दुपारी. प्रत्येक वेळी सरासरी बावीस मिनिटं. पासवर्ड टाकून पाहिला : शून्य वेळा.