चार गाऊन

विस्मरणाचा आजार वाढला तसं पद्मजाताईंना रोज सकाळी उघड्या कपाटासमोर काय नेसायचं तेच सुचेनासं झालं. मग त्या घाबरून रडायला लागायच्या. "साड्या काढून टाका, चार गाऊन पुरेत," असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून रविवारी त्यांची मुलगी मृण्मयी कर्वेनगरला कपाट आवरायला आली.

आई भांडेल, एकही साडी सोडणार नाही, या धास्तीनंच तिनं पहिली साडी बाहेर काढली. पण पद्मजाताई पलंगावर बसून निमूटपणे घड्या घालायला लागल्या. इरकल, नारायणपेठ, शाळेत शिकवायला जाताना नेसायच्या त्या खळ घातलेल्या सुती साड्या. काठाला काठ जुळवून, अगदी पूर्वीसारख्या. शेवटी एका जांभळ्या साडीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आवड चांगली होती हो बाईंची."

"कुठल्या बाईंची?" मृण्मयीनं विचारलं.

"ज्यांच्या या साड्या आहेत, त्यांची. माणूस गेलं की कपडे असे देऊन टाकावे लागतात."

मृण्मयीला हुंदका आवरेना. पद्मजाताईंनी साडी बाजूला ठेवली, तिची पाठ थोपटली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमची आई होती का?"

"हो," म्हणत मृण्मयीनं आईच्याच खांद्यावर डोकं टेकलं.