नुसतं पॉलिश

गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कोंडीबा सुतारानं नवा निघालेला सनमायका चिकटवला होता. नीलम्मांचा त्यावर विश्वास नव्हता. खाली काय दडवतात कुणाला ठाऊक! ओट्याखालच्या कपाटांना त्यांनी सागवान आणि नुसतं पॉलिश ठरवलं.

पहिल्याच फळीवर हळदीच्या हाताचा ठसा होता.

"जुन्या दाराचं लाकूड खपवतोस व्हय रे?"

"न्हाय अक्का. नवं हाय."

"मग मार रंधा."

त्यानं मारला. पिवळ्या ढलप्या निघाल्या, ठसा तसाच राहिला.

"आणखी मार."

आता हातावरच्या रेघाही दिसू लागल्या. नीलम्मांनी बोट टेकवलं. हळद ओली होती.

कोंडीबानं रंधा खाली ठेवला.

"म्हणून तर समद्यांना सनमायका लावा म्हणतो की, अक्का."