शकूच्या सोबतिणी

शकू ही पांढरी उंदरीण एक्केचाळीस वर्षांची होती. तिच्या डोळ्यांवर काळाची धूळसुद्धा बसली नव्हती. नलिनी कर्णिकांच्या डोळ्यांवर मात्र दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. प्रयोगशाळेत असताना त्यांनीच शकूला म्हातारपण थोपवणारे औषध टोचले होते. उंदरांना ते लागू पडले, माणसांना नाही.

“आत्या, या वयात आणखी दोन पिल्लं?” भाची गौरीने विचारले.

“माझ्यासाठी नाहीत गं. मी गेल्यावर हिला अजून साठ वर्षं काढायचीत. एकटीनं कशी काढेल?”

“ही बया त्यांना फाडून खाईल. मलाच दोनदा चावलीय.”

नव्या पिल्लांनाही औषध टोचलेले होते. दहा दिवस नलिनीताईंनी त्यांना आपल्या वापरातल्या पातळाच्या तुकड्यावर निजवले होते. शकूला जगात तेवढाच एक वास आपला होता. आज त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि तिघींना न्हाणीघरातल्या कोरड्या टबात सोडले.

शकूने केस फुलवले, शेपूट आपटली. मग एकीच्या मानेला नाक लावून ती बराच वेळ थांबली आणि हळूहळू तिला चाटू लागली.

“घेतलं गं पदरात!” गौरी कुजबुजली.

नलिनीताईंनी हात पुढे केला. आयुष्यभर त्याच तळव्यात निजलेल्या शकूने बोट हुंगले आणि कडकडून चावा घेतला.

“अगं, हात पदराला पूस, म्हणजे ओळखेल!”

नलिनीताईंचा हात पदरापाशी जाऊन थांबला.

“नको,” त्या म्हणाल्या. “तो वास आता त्या दोघींचा. कापूस आण.”