पथ्य

रूपाच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. पातळ खिचडी आणि पेजेला ती विटली होती. रोज एकच मागायची, शेंगदाण्याच्या थंडगार, झणझणीत नूडल्स. तिचा नवरा धम्मपाल रोज नाही म्हणायचा. डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं.

आज दुपारी तिचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून तो पडेगावला घरी आला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. नूडल्स उकडून त्यानं गार पाण्यात धुतल्या. भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि सात-आठ लाल मिरच्या मिक्सरमध्ये वाटून त्यात कालवल्या, वरून लिंबू पिळलं.

पहिल्याच घासाला रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लई तिखट झालं व्हय?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाय. मस्त झालंय." तिनं दुसरा घास घेतला. मग त्याच्याकडं बघत हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, आता मागंल ते द्या म्हणून?"

धम्मपालनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले.

रूपानं वाटी बाजूला ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आपली श्रेया शाळेतून यायच्या आत रडून घ्या."