आत्याचे डोळे
फ्लॅश उडाला की आत्याचे डोळे मिटायचे, प्रत्येक फोटोत. काकाने नवा डिजिटल कॅमेरा आणून बजावलं, “ताई, यंदा डोळे मिटलेस तर फोटोतून कापून टाकीन.” आत्याने खोक्यातली माहितीपुस्तिका भाजी चिरताना संपवली. रविवारी आम्ही बाराजण दाटीवाटीने बसलो. फ्लॅश उडाला. आत्याने निवांत डोळे मिटले. “मिटले!” सगळे तिच्याकडे वळून ओरडलो, बाबांनी तर बोटही दाखवलं. तेवढ्यात दुसरा उडाला. पहिला नुसता डोळ्यांना सवय म्हणून असतो, फोटो दुसऱ्यालाच निघतो, हे पान नऊवर होतं. “परत काढू,” काका म्हणाला. “आता काप कुणाला कापायचंय ते,” म्हणत आत्या उठली. तो फोटो दिवाणखान्यात लागलाय: तोंड वासलेले अकराजण, मधोमध टक्क बघणारी आत्या. पाहुणे विचारतात, “हिने केलं तरी काय?” आम्ही सांगतो, “माहितीपुस्तिका वाचली.”