बाळकुमच्या पंचाचा शब्द

"नावात ठाणे आधी आलं, तर कल्याणचा एक माणूस मैदानात पाय ठेवणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो!" ऋतुराजने चहाचा ग्लास बाकावर आदळला.

"नका ठेवू," कोपरचे हरिहर म्हणाले. "तुमच्या निम्म्या लोकांना ऑफसाइड म्हणजे काय ते तरी कुठे ठाऊक आहे?"

"काका, कोपर डोंबिवलीत येतं. तुमचं नाव तर तिसरं लागणार. त्याचं दुःख करा आधी!"

बाळकुमच्या मैदानाशेजारील टपरीवर हशा पिकला. व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये यंदा एका नव्या संघास प्रवेश मिळावयाचा होता. त्या एका जागेसाठी दोनच दावेदार उरले होते. एक ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा आणि दुसरा खाडीपलीकडील शहराचा. संघ अद्याप जन्मासही आला नव्हता; तथापि त्याच्या नावावरून आणि गणवेशाच्या रंगावरून चाहत्यांची दर रविवारी जुंपत असे.

या वादात जुने फुटबॉल पंच मार्सेल कोलासो कधीच पडत नसत. त्यांना संघ हवा होता. नाव काहीही चालले असते. त्यांचा एकुलता एक मुलगा स्टीव्ह कोलकात्याच्या संघातून खेळत होता. नाताळात पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखाच जाई. "पप्पा, आपल्याकडे संघ झाला की मी दुसऱ्या दिवशी बॅग भरतो," असे त्याने वचन दिले होते. इकडे त्यांच्या पत्नीची, क्लाराची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चालली होती. मुलाचा चेहरा दिसतो आहे तोवर तो घरी राहावयास यावा, एवढेच त्या माउलीचे मागणे होते.

टपरीवर अलीकडे अनिमेष नावाचा एक गृहस्थ येऊ लागला होता. फुटबॉलची आवड आहे, यापलीकडे त्याने स्वतःविषयी काही सांगितले नव्हते. विचारायचा मात्र पुष्कळ. पावसाचे पाणी मैदानातून किती वेळात ओसरते? सामना संपल्यावर कल्याणची माणसे घरी कशी जाणार? संघ हरू लागला तरी लोक येतील का? कितीही आग्रह केला तरी स्वतःच्या चहाचे पैसे तो स्वतःच देई.

त्या रविवारी तो मैदानाच्या टोकाचा नाला पाहण्यास गेला, तेव्हा ऋतुराजने आवाज खाली आणला.

"हा माणूस पलीकडच्यांचा आहे. परवा मी खाडीपलीकडे मावसभावाकडे गेलेलो, तर हा त्यांच्या कट्ट्यावर बसलेला. हसून टाळ्या देत होता."

सर्वांचे चेहरे गंभीर झाले.

"धरून विचारू या?" कोणीतरी म्हणाले.

"छे! शहाणे असाल तर गप्प बसा," हरिहर म्हणाले. "हेर आयता सापडलाय, त्याला रिकाम्या हाताने कशाला धाडायचा? आपल्यात काही दम नाही, असं त्याच्या डोक्यात भरून पाठवू. ते लोक निर्धास्त होतील, तयारीत ढिले पडतील, आणि आपण पुढे निघून जाऊ." मग ते मार्सेल यांच्याकडे वळले. "मार्सेलभाऊ, हे तुम्हीच बोलायचं."

"मी? मला नाही जमायचं."

"तुम्हालाच जमेल. फायनलमध्ये पोटच्या पोराविरुद्ध पेनल्टी देणारा पंच तुम्ही! तुम्ही खोटं बोलाल, असं कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?"

मार्सेल नकारार्थी मान हलवीत राहिले.

"एकदाच," हरिहर हळूच म्हणाले. "स्टीव्हसाठी."

अनिमेष परतला तेव्हा त्याचे बूट चिखलाने भरले होते. तो नेमका मार्सेल यांच्याच शेजारी येऊन बसला.

"काका, हे सगळे भरभरून बोलतात. तुम्ही कधीच काही बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं? इथे संघ टिकेल?"

 मार्सेल यांच्या डोळ्यांपुढे क्लारा उभी राहिली.

"नाही टिकायचा," ते म्हणाले. "सुरुवातीला होईल गर्दी. हरायला लागले की इथे कुत्रं फिरकणार नाही. पाणी तर आठवडा आठवडा हटत नाही. आणि आताच नावावरून यांची भांडणं ऐकलीत ना? ठाण्याची आणि कल्याणची माणसं एका स्टँडमध्ये बसली, तर डोकी फुटतील."

"हे मनापासून सांगताय?"

"उभा जन्म शिट्टी वाजवली. खोटी कधी वाजवली नाही."

 अनिमेषचा चेहरा उतरला. मग त्याने चहाचे पैसे ठेवले, मार्सेल यांचा हात क्षणभर हाती घेतला आणि तो निघून गेला.

"वा, भाऊ! तुम्ही नाटकात जायला हवं होतं," हरिहरांनी पाठ थोपटली. "चेहरा पाहिलात त्याचा?"

"आनंद लपवत होता साला," ऋतुराज म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

मार्सेल हसले नाहीत. घरी परतताना त्यांना आपली पावले परक्यासारखी वाटत होती. हे असत्य आपण घरासाठी बोललो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. क्लारापाशी मात्र त्यांनी अवाक्षर काढले नाही.

त्याच आठवड्यात स्टीव्हचा फोन आला. क्लाराने मोठ्या हौसेने तो स्पीकरवर लावला.

"पप्पा, आता बोलायला हरकत नाही," स्टीव्हच्या स्वरात उत्साह मावत नव्हता. "लीगचा तपासणी अहवाल आज गेला. अनिमेष सर भेटले ना तुम्हाला? त्यांना दोन्हीकडच्या चाहत्यांचं खरं मत हवं होतं, पण जो तो आपल्याच शहराचे गोडवे गातो. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझं नका ऐकू, बाळकुमला माझ्या पप्पांना गाठा. ते म्हणतील तेवढंच खरं धरा. पप्पा, त्यांनी तुमचा शब्द न् शब्द जसाच्या तसा वर कळवलाय!"