त्रेचाळिसावा नमुना

त्या गावच्या ग्रामसभेत आजवर भांडणं पुष्कळ शिजली होती. डाळ पहिल्यांदाच शिजत होती.

पंचायतीच्या पायरीपुढं मनकर्णाबाईनं विटांच्या दोन चुली मांडल्या. दोन सारखी भगुली. दोन्हींत एकाच डब्यातली वाटीवाटी तुरीची डाळ. डाव्या भगुल्यात वरच्या वेटाळातल्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, नळाचं पाणी, उजव्यात खालच्या वेटाळातलं. दोन्ही घागरी खुद्द सरपंच खुशालरावांच्या डोळ्यांदेखत भरलेल्या. त्या निमित्तानं त्यांनी खालच्या वेटाळात पाय ठेवला, तो पंधरा वर्षांनी. कुत्री ओळख विसरल्यासारखी भुंकली म्हणतात.

पाणीपुरवठ्याचे साहेब घड्याळाकडं बघत होते. "एक टाकी, एक पाइप. पाणी वेगळं येईल कसं, बाई? सगळ्यांना सारखं पाणी मिळतं असा ठराव घ्या आणि मला मोकळं करा."

सचिवानं ठराव लिहूनच ठेवला होता; तो मंजूर झाला की फाइल बंद. मग खालच्या वेटाळाच्या नळाला खारंच पाणी, तेही घागरभर, जन्मभर. सरकारनं बांधून दिलेल्या संडासांत जळणाची पऱ्हाटी भरलेली होती, तीही तशीच राहणार. तांब्याभर पाण्याला महाग झालेल्या माणसानं बादलीभर ओतायचं कुठून?

"टाकी एकच हाय, साहेब," फुंकणी बाजूला ठेवत मनकर्णाबाई म्हणाली, "पण तिच्यात पाणी सोडाच्या चाव्या दोन हायेत. वरच्याइचं भरलं का धरणाची चावी बंद, अन् आमच्यासाठी खाऱ्या बोअरची चालू."

"पुरावा आहे?"

पुरावा होता, तो मनकर्णाबाईनंच घालवला होता.

अमरावतीची देवश्री आणि अकोल्याचा अश्विन पाण्यावर संशोधन करायचे. मागच्या महिन्यात त्यांनी मनकर्णाबाई धरून खालच्या वेटाळातल्या सहा बाया सोबत घेतल्या, आणि आठ जणांनी मिळून साऱ्या गावच्या नळांचं पाणी बेचाळीस बाटल्यांत भरलं. अश्विननं बाटल्यांना चिकटवायला नंबरच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. कागदाच्या चिटोऱ्यावर मनकर्णाबाईचा भरवसा बसेना. तिनं वरच्या बाटल्यांना कुंकू लावलं, खालच्यांना हळद. पण अकोल्याच्या एसटीत बाटल्या एकमेकींना अशा काही घासल्या, की उतरताना बेचाळीसच्या बेचाळीस केशरी! जे गावात कधी झालं नाही ते एसटीत झालं. प्रयोगशाळेनं हात जोडले.

तिला वाटलं होतं, आता पोरगी रागावणार. देवश्रीनं फक्त विचारलं, "मावशी, बाटल्या नव्हत्या तेव्हा तुम्ही पाणी कसं ओळखायच्या?"

"वरणावरून, बाई. खाऱ्या पाण्यात डाळ शिजते का कुठी?"

देवश्रीनं वहीचं कोरं पान काढलं होतं.

चुली पेटून वीस मिनिटं झाली. डावीकडची डाळ फुलायला लागली. उजवीकडची नुसतीच नाचत होती.

"त्या चुलीला जाळ कमी आहे," साहेब म्हणाले.

मनकर्णाबाईनं पदरानं दोन्ही भगुली उचलली आणि चुली बदलल्या. डावीकडचं उजवीकडं, उजवीकडचं डावीकडं. "आता पाहा."

"हे तू सांगितलंस?" कडेला उभ्या देवश्रीनं अश्विनला हळूच विचारलं.

"मला सुचलंच नव्हतं," अश्विन म्हणाला. त्यानं ते वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

पस्तिसाव्या मिनिटाला गोड्या पाण्याची डाळ बोटानं दाबताच मेणासारखी मोडली. खाऱ्या पाण्यातल्या डाळीला तास झाला, सव्वा तास झाला. पऱ्हाटीचे दोन भारे जळाले. सभा एरवी अर्ध्या तासात पांगायची. आज कोणी तंबाखू थुंकायलाही उठलं नाही.

मनकर्णाबाईनं दोन वाट्या वाढल्या आणि खुशालरावांपुढं ठेवल्या. "घ्या, भाऊजी."

पहिली वाटी त्यांनी भुरकली, बोटंही चाटली. दुसरीतला घास तोंडात घातला आणि चावला.

कडकड आवाज झाला. तो तेल्हाऱ्यापर्यंत गेला असं सांगणारे आहेत. त्यातलं निम्मं सोडून देऊ. पण बसस्टँडपर्यंत तरी गेलाच. सभेच्या अध्यक्षांना तो घास गिळता येईना, साऱ्या गावादेखत थुंकताही येईना. खालच्या वेटाळातल्या बायांपैकी एकही हसली नाही. सगळ्या त्यांच्या जबड्याकडं बघत होत्या.

घास गालात सारून त्यांनी विचारलं, "वहिनी, हे वरण तुमी रोज खाता?"

"नाई, जी. रोज तुमच्या वेटाळात पाण्याचा गुंड, घागर घेऊन येतो, वरणापुरतं मांगतो. ज्या दिवशी कोणी देत नाई त्या दिवशी हे खातो."

खुशालरावांनी वाटी बाजूला सारली. मग सचिवाला म्हणाले, "तो ठराव खोड. दोन चाव्या हायेत, असा नवा लिव्ह. दोन्ही वेटाळाले धरणाचं पाणी, येत्या सोमवारपासून."

"अहो सरपंच," साहेब उभे राहिले, "डाळीवर कुठं अहवाल होतो?"

"तुमच्यासाठी बी वाढते न, साहेब," मनकर्णाबाई म्हणाली. "बसा."

साहेब बसले, पण वाटीला त्यांनी हात लावला नाही.

मनकर्णाबाईनं कोरी बाटली घेतली. दुसऱ्या भगुल्यातली पळीभर टणक डाळ पाण्यासकट तिच्यात ओतली आणि बूच घट्ट लावलं. मग अश्विनपुढं हात केला. "ते चिठ्ठी दे, बाबू. नंबराची."

चिठ्ठी तिनं काचेवर सरळ चिकटवली, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले, आणि बाटली खुशालरावांपुढं धरली.

"नमुना त्रेचाळीस. साक्षीदार म्हणून सही करा, भाऊजी."

त्यांनी सही केली. पेन खाली ठेवलं, तरी त्यांचा जबडा हलतच होता.